ऑफिसचा जुना टॉवर गेमिंगला लावायचा असेल तर आधी झाकण उघडा

बारावीचे पेपर संपले की माझ्याकडे एकच प्रश्न येतो, भाऊ घरी एक डेस्कटॉप आहे, कंपनीचा रेडीमेड, याच्यात कोणतं ग्राफिक्स कार्ड टाकू म्हणजे गेम चालतील. मी दर वेळी तेच सांगतो, कार्डाचं नाव नंतर काढू, आधी बाजूचं झाकण उघड आणि आतल्या पॉवर सप्लायवर जे लेबल चिकटवलेलं असते त्याचा फोटो पाठव. पोरं वैतागतात, त्यांना वाटते हा टाळून राहिला, पण खरं तेच आहे, रेडीमेड मशीनमध्ये कोणतं कार्ड बसेल हे तुमच्या बजेटच्या आधी तो सप्लाय आणि तो डबा ठरवते.

हे मी पैसे घालवून शिकलो. भाच्यासाठी सेकंडहँड ऑफिस पीसी घेतला होता, इंटेलचा सहाव्या जनरेशनचा आय५-६५०० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, मोठा टॉवर डबा. मशीन चांगलं होतं, आजही चालू आहे. मग एका ओळखीच्याकडून आरएक्स ५८० कार्ड स्वस्तात मिळून राहिलं होतं म्हणून घेऊन टाकलं, इथे नागपुरात मनीष नगरला ताईकडे गेलो, भाचा स्क्रूड्रायव्हर घेऊन तयारच बसला होता, झाकण उघडलं तर सप्लाय २४० वॅटचा, कार्डाला ८ पिनांची वायर पाहिजे आणि सप्लायमधून तशी एकही वायर निघत नाही. पोराचं तोंड इतकंसं झालं. परत करायची सोय नव्हती, पुढे तोट्यात विकावं लागलं. जे आधी दहा मिनिटांत कळलं असतं ते मला पैसे दिल्यावर कळलं, म्हणून हे सगळं लिहून काढतो आहे.

तर पहिलं काम, डबा ओळखा. ऑफिसातून निघणारी मशीनं साधारण तीन मापांत येतात. एक उभा मोठा टॉवर, दुसरा आडवा किंवा बारीक उभा डबा ज्याला एसएफएफ म्हणतात, आणि तिसरा वहीएवढा चपटा छोटा, मायक्रो किंवा टायनी. तिसऱ्यात ग्राफिक्स कार्डाची जागाच नसते, बहुतेकांत स्लॉटच नसतो, त्याच्यावर डोकं लावू नका, तो अभ्यासाला आणि पिक्चर पाहायला ठेवा. एसएफएफमध्ये कार्ड बसते पण अर्ध्या उंचीचं, म्हणजे लो प्रोफाइल, आणि ते कार्ड निवडायला कमी आणि महाग मिळते. टॉवर असेल तर तुमच्या हाती बरंच काही आहे. अजून मशीन घ्यायचंच असेल आणि दुकानदार एसएफएफ दाखवून राहिला असेल तर थोडे पैसे जास्त द्या पण टॉवरच घ्या, डबा नंतर वाढवता येत नाही.

टॉवर असला तरी मोजमाप घ्या. शाळेची पट्टी पुरते. मोठ्या पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटच्या, म्हणजे कार्ड बसते त्या खाचेच्या, मागच्या पत्र्यापासून पुढे हार्ड डिस्कच्या जाळीपर्यंत किती सेंटिमीटर जागा आहे ते मोजा, आणि कार्डाच्या कंपनीच्या साइटवर लांबी मिलिमीटरमध्ये दिलेली असते त्याच्याशी ताडून पहा. दोन पंख्यांचं कार्ड बऱ्याचदा डिस्कच्या जाळीवर नाहीतर साटाच्या, म्हणजे डिस्कला जाणाऱ्या, वायरींवर अडते. आणखी एक, कार्ड दोन स्लॉटची जाडी घेते का हे पण बघा, खालच्या स्लॉटमध्ये वायफायचं कार्ड असेल तर ते काढावं लागेल.

आता सप्लायचं लेबल. याच्यावर मोठ्या अक्षरात २४० किंवा २९० किंवा १८० असं जे लिहिलं असते तो एकूण आकडा, पण कामाचा आकडा १२ व्होल्टच्या रकान्यातला, कारण प्रोसेसर आणि कार्ड दोघंही १२ व्होल्टवर चालतात. तिथे समजा १६ अँपिअर लिहिलं असेल तर १२ गुणिले १६, १९२ वॅट. बस, इतका सोपा हिशोब आहे. आय५-६५०० ची कमाल ६५ वॅट धरा, मदरबोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून ४० धरा, आणि ७५ वॅटचं कार्ड, झाले १८०. म्हणजे चांगल्या २४० वॅटच्या सप्लायवर ७५ वॅटचं कार्ड निवांत चालते, आणि कंपनीच्या मशीनमधले सप्लाय आकड्याने लहान दिसले तरी लेबलवर लिहिलंय तेवढं बहुतेक वेळा खरंच देतात. बाजारात ४५० वॅट लिहिलेले एकदम स्वस्तातले डबे मिळतात, हातात घेतले तर पिसासारखे हलके, त्यापेक्षा तुमचा जुना २४० वॅटवाला कितीतरी बरा.

हा ७५ चा आकडा लक्षात ठेवा, सगळं इथेच येऊन थांबते. पीसीआय एक्स्प्रेसचा मोठा स्लॉट स्वतःच कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो, त्याच्या आतलं कार्ड असेल तर वेगळी वायर लागतच नाही. त्याच्यावरच्या कार्डाला ६ पिनांची वायर लागते, ती आणखी ७५ देते, किंवा ८ पिनांची, ती १५० देते. ऑफिसच्या मशीनमध्ये या वायरी जवळपास कधीच नसतात.

मग दुकानात कोणीतरी म्हणते, काही नाही हो, साटाच्या वायरीतून कन्व्हर्टर लावून देतो, पन्नास-शंभर रुपयांचं काम. नका करू. साटाच्या पॉवर कनेक्टरमधल्या १२ व्होल्टच्या तीन पिना, एकेक दीड अँपिअरची, म्हणजे साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॅट, आणि तुम्ही तिथून ७५ ओढणार. गेम अर्धा तास चालल्यावर कनेक्टर गरम होते, प्लास्टिक मऊ पडते, आणि जळका वास येईपर्यंत कळत नाही. मी असा काळा पडलेला कनेक्टर हातात घेऊन पाहिला आहे. घरी लहान पोरं असतात, रात्री डाउनलोड लावून आपण झोपून जातो, शंभर रुपयांच्या वायरीसाठी ही जोखीम घ्यायची नाही.

मग सप्लायच बदलून टाकू म्हणाल, तर तिथे रेडीमेड मशीनचा दुसरा फास आहे. साध्या असेंबल पीसीत बोर्डाला २४ पिनांचं कनेक्टर जाते, कोणताही एटीएक्स, म्हणजे बाजारातला साध्या मापाचा, सप्लाय लागतो. कंपन्यांनी स्वतःची वेगळी कनेक्टरं काढली आहेत, डेलच्या ऑप्टिप्लेक्स ९०२० सारख्या मॉडेलला ८ पिनांचं, लेनोवोच्या बऱ्याच थिंकसेंटरला १४ पिनांचं, एचपीच्या एलिटडेस्क प्रोडेस्कमध्ये ६ पिनांचं. २४ पिनांवरून या प्रत्येकावर जाणारी कन्व्हर्टर केबल ऑनलाइन मिळते आणि नीट मॉडेल नंबर पाहून घेतली तर काम करते, पण केबल बरोबर म्हणून काम झालं असं नाही, सप्लायचा आकार आणि मागच्या पत्र्यातली स्क्रूची भोकं पण जुळावी लागतात, नाहीतर सप्लाय डब्याच्या बाहेर ठेवून फिरवायची वेळ येते. तुमचं मशीन टॉवर असेल, एटीएक्स मापाचा सप्लाय बसत असेल आणि तुम्हाला आरएक्स ६६०० सारखं १३२ वॅटचं कार्ड टाकायचंच असेल तर ४५० किंवा ५५० वॅटचा नावाजलेल्या कंपनीचा सप्लाय आणि केबल, हा रस्ता बरोबर आहे. पण पहिल्यांदाच डबा उघडून राहिले असाल तर आधी ७५ वॅटच्या आतच रहा, त्याच्यात पण भरपूर मजा आहे.

७५ च्या आत कोणती कार्डं, तर माझ्या मते आज नवीन घ्यायचं तर आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं. ते २०२४ च्या फेब्रुवारीत आलं, ७० वॅट, बहुतेक मॉडेलांना वेगळी वायर नाही, लो प्रोफाइलमध्ये पण मिळते. इथे नीट लक्ष द्या, ३०५० च नावाचं ८ जीबीवालं कार्ड वेगळं आहे, ते १३० वॅटचं आहे आणि त्याला वायर लागते. दुकानात नुसतं ३०५० द्या म्हणू नका, ६ जीबी म्हणा आणि खोका हातात घेऊन कार्डाच्या फोटोत वरच्या कडेला पॉवरचं कनेक्टर दिसते का ते पहा. सेकंडहँडमध्ये जीटीएक्स १६५०, ४ जीबी, ७५ वॅट, २०१९ चं कार्ड आहे पण व्हॅलोरंट, सीएस२, जीटीए ५ ला फुल एचडीवर सेटिंग थोड्या खाली करून छान चालते. यातही काही मॉडेलांना ६ पिन दिलेली असते, म्हणून परत तेच, कार्ड डोळ्यांनी पाहूनच घ्या.

आरएक्स ६४०० पण बाजारात दिसते, ५३ वॅटच घेते, पण जुन्या मशीनसाठी मी ते सुचवत नाही, कारण त्याच्या फक्त चार लेन, म्हणजे डेटा जायच्या वाटा, जोडलेल्या आहेत. पीसीआय एक्स्प्रेसच्या चौथ्या पिढीच्या स्लॉटवर ते खपून जाते, पण सहाव्या-सातव्या जनरेशनच्या मशीनचा स्लॉट तिसऱ्या पिढीचा असतो, तिथे त्या लेनचा वेग निम्मा होतो आणि ४ जीबी भरली की गेम अडखळतो. शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोडर नाही, ज्या पोरांना गेमप्ले रेकॉर्ड करून टाकायचा असतो त्यांची निराशा होते. इंटेलचं आर्क ए३८० पण जुन्या मशीनला नको, त्याला रीसायझेबल बार नावाची सोय लागते आणि ती जुन्या बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या सॉफ्टवेअरमध्ये, नसते. आणि जीटीएक्स १०५० टीआय, ज्याने आपल्याकडच्या कितीतरी पोरांना गेमिंग दाखवलं, ते आता घेऊ नका, एनव्हिडियाने त्या पिढीच्या कार्डांना २०२५ च्या ऑक्टोबरनंतर नवीन गेमसाठीचे ड्रायव्हर देणं थांबवलं आहे. घरी आधीच असेल तर वापरा, जुने गेम काही बंद पडत नाहीत.

आता एक गोष्ट जी कार्डापेक्षाही आधी करायला पाहिजे पण कोणी करत नाही, रॅम. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा, खाली स्लॉट्स यूज्ड लिहिलेलं असते. ४ पैकी १ किंवा २ पैकी १ दिसलं तर तुमचं मशीन एका पायावर उभं आहे. एकाच काडीवर रॅम एकाच वाटेने येते-जाते, दोन काड्या लावल्या की दोन वाटा, डीडीआर४ २४०० ची एक वाट सेकंदाला १९.२ जीबी देते, दोन लावल्या की दुप्पट. कार्ड नसलेल्या मशीनमध्ये तर इंटेलचं आतलं ग्राफिक्स याच रॅमवर जगते म्हणून फरक डोळ्यांना दिसतो, आणि कार्ड असलं तरी मधेमधे जे झटके बसतात ते कमी होतात. भाच्याच्या मशीनला आधी दुसरी ८ जीबीची काडी लावली तेव्हा तो म्हणाला मामा कार्ड न टाकताच बरं चालून राहिलं. १६ जीबी हे आज गेमिंगला कमीत कमी धरा. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव फार चढले आहेत, म्हणून सेकंडहँड काडी घेणं यात काही कमीपणा नाही, रॅम सहसा खराब होत नाही, फक्त जुनी काडी काढून सोबत न्या. डीडीआर३ आणि डीडीआर४ ची खाच वेगळ्या जागी असते, एक दुसऱ्यात बसत नाही, जोर लावू नका. घरी आणल्यावर मेमटेस्ट८६ हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर लावून ठेवा, एकही लाल ओळ आली तर दुसऱ्या दिवशी परत.

हार्ड डिस्क असेल तर एसएसडी घ्या, याच्यावर जास्त बोलत नाही कारण आता सगळ्यांना माहीत आहे, साटावाली पण सेकंदाला ५०० एमबीच्या वर जाते आणि जुनी डिस्क शंभर-दीडशेवर धापा टाकते. सहाव्या जनरेशननंतरच्या बऱ्याच बोर्डांवर एम.२ चा खाचा असतो, बोर्डावर पहा, रिकामा असेल तर त्यात बसणारी आणखी वेगवान एनव्हीएमई एसएसडी घ्या. गेम मोठे असतात, ५०० जीबीच्या खाली जाऊ नका. जुनी डिस्क फोटो-पिक्चरसाठी तशीच राहू द्या. विंडोज नव्याने टाकली तरी लायसन्सची काळजी नको, डिजिटल लायसन्स बोर्डाला बांधलेलं असते, एसएसडी बदलल्यावर इंटरनेट लागलं की तेच आपोआप ॲक्टिव्हेट होते.

विंडोजवरून आठवलं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या जनरेशनपासून पुढेच चालते. जुगाड करून सहाव्यावर टाकता येते, लोक टाकतात, पण व्हॅलोरंट खेळणाऱ्यांनी सांभाळून, त्याचं चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर व्हॅनगार्ड विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या मशीनच्या दोन्ही सुरक्षा सोयी मागते, एक जरी बंद असलं तरी गेम उघडत नाही. दोन्ही बायोसमध्ये जाऊन चालू करावे लागतात. म्हणून आज नवीन मशीन शोधणाऱ्याला माझा सल्ला, आठव्या जनरेशनच्या खाली जाऊ नका, आय५-८५०० मध्ये सहा कोर मिळतात आणि विंडोजचं डोकेदुखीचं काम संपते.

प्रोसेसरबद्दल. आय५-६५०० ला चार कोर चार थ्रेड, सीएस२ सारख्या गेममध्ये चारही शंभर टक्क्यांवर जातात आणि कार्ड बिचारं साठ-सत्तर टक्क्यांवर वाट पाहत बसते. हे तुमच्याकडे होऊन राहिलं का ते एमएसआय आफ्टरबर्नर टाकून स्क्रीनवर आकडे लावून बघा. कार्ड ९५ च्या वर असेल तर प्रोसेसर पुरतो आहे. कार्ड खाली आणि प्रोसेसर वर असेल तर त्याच सॉकेटचा आय७-६७०० सेकंडहँड शोधा, तोही ६५ वॅटचाच, आठ थ्रेड, सप्लायवर भार वाढत नाही. आय७-७७०० घ्यायचा तर आधी बायोस अपडेट करून त्या मॉडेलवर सातवी जनरेशन चालते का ते कंपनीच्या साइटवर पाहून घ्या. आठवी मात्र त्या बोर्डावर चालत नाही, सॉकेटचं नाव ११५१ च आहे, चिप बसते सुद्धा, पण मशीन सुरू होत नाही, याच्यात फार जण फसतात.

खरेदीचं. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, मोदी नंबरच्या गल्ल्यांमध्ये फिरायचं असेल तर शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी जा, शनिवार-रविवारी दुकानदाराला तुमच्यासाठी कार्ड लावून दाखवायला वेळ नसतो. सेकंडहँड कार्ड घेताना स्वतःचा टॉवर ऑटोत घालून घेऊन जा, खरंच सांगतो, लाजू नका. तिथेच लावा, जीपीयू-झेड उघडा, कार्ड बनावट असेल, म्हणजे जुन्या चिपवर नवीन नाव चढवलेलं असेल, तर हे सॉफ्टवेअर बऱ्याच वेळा नावाच्या आधी फेक असं स्पष्ट लिहून दाखवते. मग कार्डावर पूर्ण ताण देणारं फरमार्क पंधरा मिनिटं चालू द्या आणि तीन गोष्टी बघा, स्क्रीनवर ठिपके किंवा रेघा येतात का, पंखा खरखरतो का, तापमान कुठे जाऊन थांबते. विकणारा पंधरा मिनिटं द्यायला तयार नसेल तर नमस्कार करून पुढच्या दुकानात जा. नवीन कार्ड घेतलं तर पक्कं बिल घ्या आणि बिलावर कार्डाचा सीरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटीला तोच लागतो.

लावायची पद्धत. आधी विंडोज अपडेट करून घ्या, जुनं कार्ड असेल तर त्याचे ड्रायव्हर डीडीयू या ड्रायव्हर पुसायच्या सॉफ्टवेअरने सेफ मोडमध्ये काढा. मशीन बंद, भिंतीतून वायर बाहेर, मग पॉवरचं बटन दहा सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेला करंट निघून जातो. काम चटईवर नको, टेबलावर करा, आणि सुरू करताना डब्याच्या उघड्या लोखंडाला हात लावा, हिवाळ्यात स्वेटर घालून तर नक्कीच, अंगावरची स्थिर वीज चिपला मारते. रॅमच्या काड्यांना दोन्ही बाजूंनी टक आवाज आला पाहिजे. कार्डाच्या स्लॉटला मागे एक छोटी क्लिप असते, ती आधी उघडी करा, मागच्या पत्र्याच्या पट्ट्या काढा, ऑफिस मशीनमध्ये त्या स्क्रूऐवजी निळ्या किंवा हिरव्या प्लास्टिकच्या खिटीने धरलेल्या असतात. कार्ड सरळ वरून दाबा, तिरकं नाही. क्लिप लागली की हात काढा.

आणि आता ती चूक जी दहातल्या पाच घरांत होते. मॉनिटरची केबल कार्डाला लावा, बोर्डाला नाही. कार्ड आणलं, लावलं, केबल मात्र जुन्याच जागी, मग गेम तसाच रडत चालतो आणि दोष कार्डाला. दुसरं, घरच्या जुन्या मॉनिटरला फक्त व्हीजीए असते, निळ्या तोंडाची केबल, आणि नव्या कार्डांना व्हीजीए नसतेच. एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा छोटा कन्व्हर्टर घ्या, ज्याच्या आत चिप असते तो. डीव्हीआयचं नुसतं जोडणी बदलणारं डोकं घेऊ नका, आजच्या कार्डांवरचं डीव्हीआय फक्त डिजिटल असते, चित्र येणार नाही. स्क्रीन काळीच राहिली तर घाबरू नका, बायोसमध्ये जाऊन पहिलं ग्राफिक्स म्हणून आतलंच निवडलेलं आहे का बघा, आणि बायोस जुना असेल तर कार्ड काढून आधी तो अपडेट करा.

आता आपल्या नागपूरचं. बाहेरची माणसं जे तापमानाचे आकडे सांगतात ते २५ डिग्रीच्या खोलीतले असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, कुलर चालू असूनही दुपारी खोली ३५-३६ वर असते. खोली दहा डिग्रीने गरम तर कार्ड पण साधारण तेवढंच गरम, हे पंख्याने टळत नाही, पंखा खोलीतलीच हवा फिरवतो. डिसेंबरात ६८ वर खेळणारं कार्ड मेमध्ये ८० ला टेकते, आणि ८३ च्या आसपास पोचलं की एनव्हिडियाची बरीच कार्डं स्वतःच वेग कमी करतात. पोराला वाटते गेम अपडेटने बिघडला.

ऑफिसच्या डब्यात बहुतेक मागे एकच पंखा असतो आणि पुढून हवा यायला नुसती भोकं. पुढे पंखा लावायची जागा असेल तर ९२ किंवा १२० मिलिमीटरचा लावा, हवा आत ओढणारा, पंख्याच्या कडेवर बाण असतो. डब्यातल्या कंपनीच्या पंख्याला काही वेळा पाच पिना असतात, साधा चार पिनांचा पंखा तिथे बसत नाही, मग नवीन पंख्याला सप्लायमधून वेगळी वायर द्या आणि जुना कंपनीचा पंखा तसाच राहू द्या, कारण तो काढला तर काही मशीनं सुरू होताना एरर दाखवून थांबतात. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट सात-आठ वर्षांची असते, सुकून खडू झालेली, ती पुसून वाटाण्याएवढी नवीन लावा, याच एका कामाने भाच्याच्या प्रोसेसरचं तापमान चांगलंच खाली आलं.

कुलरचा झोत सरळ डब्यावर घेऊ नका. थंड हवा दिसते म्हणून पोरं टॉवर कुलरसमोर ठेवतात, पण त्या हवेत ओल असते आणि पाण्याचे बारीक तुषार पण येतात, विहिरी-बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग कुलरच्या जाळीवर तुम्ही पाहिलेच असतील, तेच बोर्डावर बसले तर. टॉवर कुलरच्या बाजूच्या भिंतीला ठेवा, जमिनीपासून वीतभर वर, पाटावर किंवा स्टुलावर, खिडकी उघडी ठेवा म्हणजे खोलीतली ओल बाहेर जाते. आणि पंख्याची हवा जायला मागे चार बोटं जागा सोडा, टेबलाच्या लाकडी खणात कोंबलेला टॉवर नवतपा, म्हणजे २५ मेपासूनचे नऊ तापलेले दिवस, काढत नाही.

धूळ होळीनंतर सुटते ती पहिल्या पावसापर्यंत. होळीनंतर एकदा आणि २५ मेच्या आत एकदा असं दोनदा ब्लोअर मारा, गॅलरीत नेऊन, घरात नाही. ब्लोअर मारताना कार्डाचा पंखा बोटाने धरून ठेवा, हवेने भरधाव फिरला तर बेअरिंग जाते.

विजेचं पण पहा. उन्हाळ्यात संध्याकाळी सगळ्यांचे एसी-कुलर एकदम लागतात, व्होल्टेज खालीवर होते. ६०० व्हीएचा साधा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट, ७५ वॅटच्या कार्डाच्या मशीनला आणि मॉनिटरला पुरतो, लाइट गेली तर गेम बंद करून मशीन नीट शटडाउन करायला तीन-चार मिनिटं मिळतात, त्याच्यावर मॅच पूर्ण करायची अपेक्षा ठेवू नका. आणि डब्याच्या लोखंडाला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटलं तर अर्थिंग नाही, हे दुर्लक्ष करायचं काम नाही, इलेक्ट्रिशियन बोलावून भिंतीवरच्या वीजबोर्डाची अर्थिंग तपासून घ्या आणि तोवर मशीन उघडू नका. जुन्या घरांमध्ये, महाल-इतवारीकडच्या वाड्यांमध्ये तर हे आधीच पाहून घ्या.

किती पैसे कुठे घालायचे विचाराल तर माझा क्रम असा, आधी दुसरी रॅमची काडी आणि एसएसडी, मग पेस्ट आणि पुढचा पंखा, मग कार्ड, आणि प्रोसेसर सगळ्यात शेवटी, तेही आफ्टरबर्नरचे आकडे पाहून. प्रत्येक वस्तू लावल्यावर आठवडाभर मशीन वापरा आणि मगच पुढची आणा, म्हणजे काही बिघडलं तर कशामुळे ते लगेच कळते. चार वस्तू एकाच दिवशी लावल्या आणि स्क्रीन काळी झाली तर रात्रभर शोधत बसाल. खर्चाचा आकडा मशीनच्या किमतीच्या वर जाऊन राहिला असेल, नाहीतर तुमचा डबा एसएफएफ आणि सप्लाय १८० वॅटचा असेल, तर थांबा, ते मशीन विका आणि ते पैसे टॉवरवाल्या मशीनमध्ये घाला.

भाच्याच्या टॉवरमध्ये आज ३०५० चं ६ जीबीवालं आहे, त्याच २४० वॅटच्या सप्लायवर, मागच्या उन्हाळ्यात दुपारी कार्ड ७८ डिग्रीच्या वर गेलं नाही. आय७-६७०० अजून घेतलेला नाही, त्याला आफ्टरबर्नरचे महिनाभराचे आकडे वहीत लिहून आणायला सांगितलं आहे, सीएस२ मध्ये कार्डाचा वापर ८० टक्क्यांच्या खाली राहून राहिला असेल तर दोघं मिळून बर्डीवर जाऊ.